शास्त्रीय गाण्याची मासिक बैठक परवडणाऱ्या दरात वर्षानुवर्षं कशी चालवायची

चार-पाच गाणंवेडी माणसं एकत्र येतात, कुणाच्या तरी ओळखीनं एक मोठं नाव मिळतं, पहिल्या मैफलीला जिन्यापर्यंत चपला, फोटो, वाहवा, आणि मग दीड-दोन वर्षांत सगळं थंड. बऱ्याच मंडळांचं असंच होतं. मग म्हणतात की हल्ली श्रोतेच राहिले नाहीत. मला हे पटत नाही. ऐंशी-शंभर माणसं जवळजवळ कुठल्याही मध्यम गावात किंवा उपनगरात मिळतात. गडबड असते ती हिशोबात, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे त्या त्या महिन्यात गोळा करायचे आणि कलाकार मात्र आधीच ठरवून बसायचं. अशी मंडळी दर महिन्याला नव्यानं घाबरतात आणि घाबरून घाबरून दमतात. खाली जे लिहिलंय त्याचा गाभा एवढाच की वर्षाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला आणा, आणि जेवढे येतील तेवढंच गाणं ठरवा. बाकीच्या पायऱ्या या एका गोष्टीभोवतीच आहेत.

पायरी १: किती माणसं हे आधी ठरवा, कलाकार नंतर

मोठं नाट्यगृह घेऊ नका. पाचशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये नव्वद लोक बसले की कार्यक्रम पडल्यासारखा दिसतो आणि तेच नव्वद लोक शाळेच्या सभागृहात सतरंजीवर बसले की बैठक रंगली म्हणतात, गायकालाही समोरचे चेहरे दिसतात, दाद कानावर येते. ऐंशी ते सव्वाशे माणसं मावतील अशी जागा शोधा. शाळा, वाचनालयाचा हॉल, सोसायटीचं क्लबहाऊस, देवळाचा सभामंडप, गायन क्लास, काहीही चालेल. बघायचं काय, तर पंखा किती कुरकुरतो, बाहेर रिक्षा स्टँड आहे का, वरच्या मजल्यावर झुंबा क्लास नाही ना, आणि वयस्कर लोकांना जिना किती चढावा लागतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचे निम्मे नियमित श्रोते गुडघेदुखीवाले असणार. भारतीय बैठक कितीही छान वाटली तरी मागे आणि कडेला खुर्च्या लावाच.

जागेच्या मालकाशी एकेका तारखेचं बोलू नका, वर्षाचं बोला. "दर महिन्याचा दुसरा रविवार आमचा" असं लेखी ठरलं की भाड्यातही सूट मिळते आणि लोकांच्या डोक्यातही ती तारीख बसते. वार बदलत राहिलात तर दर महिन्याला पहिल्यापासून जाहिरात करावी लागते.

पायरी २: वेळ

हा मुद्दा फारसं कुणी विचारात घेत नाही म्हणून थोडं जास्त लिहितो. सगळ्यांना शनिवार-रविवार संध्याकाळच हवी असते. पण त्याच वेळी लग्नं, नाटकं, हॉलची भाडी, सगळं चढलेलं असतं. रविवारी सकाळी साडेआठ-नऊची बैठक करून बघा. हॉल स्वस्त, कलाकार मोकळे, साउंडवाला मोकळा, आणि दुपारी माणूस घरी. शिवाय गाण्याचा फायदा आहे तो वेगळाच. संध्याकाळच्याच मैफली होत राहिल्यामुळे श्रोत्यांना यमन, पूरिया, बागेश्री, मारुबिहाग भरपूर ऐकायला मिळतात पण तोडी, जौनपुरी, देसकार, बिलावलचे प्रकार समोर बसून ऐकायची संधी फार कमी मिळते. दुपारी चारला ठेवलीत तर भीमपलास, मुलतानी, पटदीप. कलाकारही यावर खूश होतात, कारण त्यांनी घोटून ठेवलेले हे राग मांडायला त्यांनाही जागा नसते. वर्षातून एक बैठक मुद्दाम दुपारच्या रागांची ठेवली की सभासद होण्याला एक खरं कारण मिळतं.

संध्याकाळीच करायची असेल आणि जागा उघडी असेल, म्हणजे गच्ची, पटांगण, देवळाचं आवार, तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लागू होतात आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज ठेवला तर तशी अडचण नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्र रात्र चालायचा, त्यालाही या वेळेच्या बंधनात यावं लागलं, तेव्हा आपल्याला कुणी सोडेल अशा भ्रमात राहू नये.

पायरी ३: कागदावर वर्ष मांडा

आता आकडे. हे उदाहरणापुरते आहेत, तुमच्याकडचे घाला, पद्धत तीच.

समजा वर्षाला १० बैठका. एका बैठकीचा खर्च: मुख्य कलाकार १५,००० रुपये (तयारीचा तरुण कलाकार धरलाय), तबला ५,०००, पेटी ५,०००, प्रवास ३,०००, हॉल ३,०००, साउंड ४,०००, चहा-पाणी-फुलं-किरकोळ २,०००. झाले ३७,०००. दहा बैठकांचे ३,७०,०००. वर्षाचा वेगळा खर्च, म्हणजे ऑडिट, तानपुऱ्याच्या तारा आणि जवारी (तारांखालची घोडी घासून आवाज नीट करणं), छपाई, बँक, असे ३०,०००. एकूण ४ लाख.

जमा: दीडशे सभासद गुणिले १,५०० म्हणजे २,२५,०००. दारावर येणारे सरासरी २५ लोक, तिकीट १५०, दहा बैठका, ३७,५००. पाच बैठका प्रत्येकी २०,००० देऊन कुणीतरी पुरस्कृत केल्या, १ लाख. एकूण ३,६२,५००. तूट ३७,५००.

इथे बहुतेक मंडळं काय करतात, तर म्हणतात "बघू, होईल काहीतरी". नाही होत. तूट जवळपास एका बैठकीच्या खर्चाएवढी आहे, म्हणजे सरळ नऊ बैठका करा. खर्च ३,६३,००० वर येतो, दारावरचं उत्पन्न थोडं कमी होऊन जमा ३,५८,७५० होते, उरलेला चार-सव्वाचार हजारांचा फरक दारातल्या देणगीपेटीतून निघतो. दहाव्या बैठकीचं दुःख कुणालाही होत नाही. मे महिना किंवा गणपती-पितृपक्षाचा काळ तसाही रिकामाच जातो, तो महिना गाळा.

आणि एक, दीडशे सभासद पहिल्या वर्षी होत नाहीत. साठ होतील. मग साठाच्या हिशोबानं पाच बैठका करा, मोठ्या माणसासारखं दहा जाहीर करून सहाव्याला गप्प बसण्यापेक्षा ते कधीही बरं.

पायरी ४: सभासद हाच पाया, तिकीट नाही

तिकीट विकून स्वस्त मालिका चालत नाही, हे नीट लक्षात घ्या. पाऊस पडला, क्रिकेटची फायनल आली, की दारावरचे पंचवीस पाच होतात. सभासदाची वर्गणी मात्र आधीच आलेली असते, तो आला नाही तरी तबलजीचे पैसे सुटतात.

वर्गणी कशी ठेवायची? वर्षाची रक्कम अशी ठेवा की जवळपास सगळ्या बैठकांना येणाऱ्याला ती दारावरच्या तिकिटांच्या बेरजेपेक्षा फार महाग पडली असं वाटू नये. जोडप्याला थोडी सवलत. विद्यार्थ्यांना फुकट किंवा अगदी नाममात्र, पण ओळखपत्राची कटकट करू नका, गाणं ऐकायला खोटं बोलून येणारा विद्यार्थी असेल तर असू दे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी "जमेल तेवढं द्या" असं एक खातं ठेवा आणि कोण किती देतो हे खजिनदाराशिवाय कुणाला कळता कामा नये. उलट बाजूनं ज्यांना जास्त द्यायचंय त्यांच्यासाठी "आश्रयदाता" असा एक वर्ग ठेवा. त्यांना पुढची खुर्ची द्या, भाषणाची संधी नको.

पूर्ण फुकट ठेवावं का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. माझं मत नाही. फुकट कार्यक्रमाला "जमलं तर येतो" म्हणणारे येत नाहीत आणि आले की मध्येच उठतात. शंभर रुपये भरलेला माणूस द्रुत, म्हणजे शेवटची जलद बंदिश, संपेपर्यंत बसतो. स्पिक मॅकेसारखी संस्था, जी किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत सुरू केली, ती विद्यार्थ्यांसाठी मोफत कार्यक्रम करते, पण तिथे जागा, श्रोते आणि स्वयंसेवक तिन्ही शाळा-कॉलेजातच मिळतात. आपल्याकडे ती सोय नसते.

नूतनीकरण महत्त्वाचं. वर्षाच्या शेवटच्या दोन बैठकांत टेबल लावा, यूपीआयचा क्यूआर मोठा छापून ठेवा, आणि ज्यांनी भरले नाहीत त्यांना फोन करा. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून भागत नाही. फोनवर माणूस सांगतो की बाबा गेले किंवा बदली झाली किंवा तुमचा आवाज फार मोठा असतो, आणि ही तिसरी गोष्ट तुम्हाला दुसरीकडून कधीच कळली नसती.

पायरी ५: कलाकार आणि मानधन

स्वस्त मालिका म्हणजे कलाकाराला स्वस्तात बोलावणं नाही. "आमची संस्था छोटी आहे, सेवा समजून या" हे वाक्य मंडळाच्या तोंडातून एकदाही निघू नये. तुमच्याकडे १५,००० आहेत तर पहिल्या फोनवर तेवढेच सांगा, प्रवास वेगळा का आत हे सांगा, किती वाजता गाणं सुरू आणि किती वाजता संपणार हे सांगा, मग समोरचा हो किंवा नाही म्हणेल. नाही म्हटलं तर राग मानू नये. मानधनाचं पाकीट किंवा ट्रान्सफर त्याच दिवशी, मंच उतरल्यावर, तिघांनाही स्वतंत्र. साथीदारांचे पैसे मुख्य कलाकाराकडे एकत्र दिले की कुणाला किती पोचले ते कळत नाही आणि नाव मंडळाचं खराब होतं. तबला-पेटीवाले आपसात बोलतात, आणि जिथे वेळेत आणि मानानं पैसे मिळतात तिथे चांगले साथीदार कमी पैशातही यायला तयार असतात. ही खरी बचत.

नावांची मांडणी अशी करा: वर्षात एक थोडं मोठं नाव, पाच-सहा तिशी-पस्तिशीतले तयार कलाकार, एक पूर्णपणे वाद्याची बैठक, एक धृपद किंवा एकल तबला असं जरा वेगळं, आणि एक स्थानिक शिकणाऱ्या मुलांची. मोठं नाव पहिल्या महिन्यात ठेवू नका. ते चौथ्या-पाचव्या महिन्यात ठेवा, आणि ती बैठक सभासदांना वर्गणीतच, बाहेरच्यांना जास्त तिकीट. नवे सभासद त्याच वेळी होतात.

जवळच्याच गावातल्या दुसऱ्या मंडळाशी बोलून ठेवलंत तर शनिवारी त्यांच्याकडे, रविवारी तुमच्याकडे असं करता येतं. लांबून येणाऱ्या कलाकाराचा प्रवास निम्मा पडतो आणि त्यालाही दोन कार्यक्रम मिळतात. हे एवढं सोपं असून मंडळांच्या आपसातल्या रुसव्याफुगव्यांमुळे होत नाही.

कलाकाराला आधी विचारायच्या गोष्टी: पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गाणार (काळी एक, पांढरी चार, जी काय असेल ती), तानपुरे आणणार का आपण द्यायचे, साथीदार त्यांचे का आपले, काय खाणार-काय नाही, आणि वाद्यं लावून घ्यायला खोली हवी का. पट्टी तबलजीला आठवडाभर आधी कळवा, त्याला त्या सुराचा तबला आणावा लागतो. तानपुऱ्याची एक जोडी मंडळाची स्वतःची असावी असं माझं ठाम मत आहे. मिरजेचे तानपुरे प्रसिद्धच आहेत, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं, एकदा पैसे घालून घेतलेत तर वर्षानुवर्षं टिकतात. कुणा देणगीदाराला "काहीतरी द्यायचंय" असं वाटत असेल तर स्मृतिचिन्हांऐवजी हे सुचवा.

पायरी ६: साउंड

शंभर माणसांच्या खोलीला लग्नाचे स्पीकर नको. गायकाला एक माईक, तबल्याला एक किंवा दोन, पेटीला एक, तानपुऱ्यांना मिळून एक, दोन लहान स्पीकर आणि कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला एक स्पीकर (मॉनिटर). बस. छोट्या जागेत सतार-सरोद अगदी हलक्या आवाजात ठेवलं तर लोक आपोआप शांत बसतात. साउंडवाल्याला सांगायच्या दोनच गोष्टी: एको नको, आणि डग्ग्याचा धूमधूम आवाज वाढवू नको. तोच माणूस दरवेळी बोलवा, त्याला वर्षाचं काम द्या, दर कमी होईल आणि चार-पाच बैठकांत त्याला आपला हॉल कळेल. साउंड चेक श्रोते यायच्या आधी संपला पाहिजे. एसी असेल तर तो आधीपासून चालू ठेवा, लावलेल्या तानपुऱ्यावर अचानक गार झोत आला की सूर बिघडतो आणि सगळं पुन्हा लावावं लागतं.

पायरी ७: कागदपत्रं, कर, परवानग्या

कंटाळवाणं आहे, पण संस्था इथेच अडकतात.

पहिलं वर्ष अनौपचारिक गट म्हणून काढलंत तरी चालेल, पण पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेत राहू नका. महाराष्ट्रात सहसा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली (किमान सात जण लागतात) आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करतात. एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा. हे न केल्यामुळे वर्षानुवर्षं जुनीच नावं कागदावर राहतात, त्यातली काही माणसं हयातही नसतात आणि मग बँक सही मानत नाही.

जीएसटीचं लोक उगाच घाबरतात. संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर सूट आहे, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराचं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर त्यावरही. आपण त्यातच बसतो. वर्गणी आणि प्रायोजकांच्या जाहिरातीचे पैसे यांचं मात्र सीएला विचारा. एकाच कलाकाराला वर्षात ५०,००० च्या वर गेलात तर टीडीएस कापून भरावा लागतो.

देणग्यांसाठी ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, घ्यावी का? घ्या, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. २,००० च्या वरची रोख देणगी त्यात बसत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे पूर्वीसारखं "पावती द्या, चेक घ्या" आता होत नाही. कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चात, कला-संस्कृती बसते, पण त्यासाठी संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी लागते आणि एवढ्याशा मालिकेला ते पैसे मिळाले तरी एक-दोन वर्षांपुरतेच असतात. त्या पैशातून तानपुरे, सतरंज्या, स्पीकर घ्या. मासिक खर्च त्यावर लावलात तर कंपनीचा मॅनेजर बदलला की मालिका बंद.

पारंपरिक बंदिशींना कॉपीराइटचा प्रश्न सहसा येत नाही. नाट्यगीत, भावगीत, अभंगाची कुणी बांधलेली चाल असं आलं तर येऊ शकतो, कारण हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शेवटची भैरवी काय असणार ते कलाकाराला विचारून ठेवा आणि गरज वाटली तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं लायसन्स बघा. रेकॉर्डिंग वेगळा विषय आहे. कलाकाराची लेखी परवानगी असल्याशिवाय यूट्यूबवर काहीही टाकू नका, श्रोत्यांनाही मोबाइल खाली ठेवायला सांगा. लाइव्ह टाकून सभासद वाढतात असं मला तरी दिसलेलं नाही, घरी बसून बघणारे वाढतात.

पायरी ८: श्रोते घडवणं

कोल्हापूरचा देवल क्लब एकोणिसाव्या शतकापासून आहे, पुण्याचा भारत गायन समाज भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये काढला. दोन्हीकडे गाणं शिकवलंही जातं. मला वाटतं टिकण्याचं एक गमक तिथे आहे, शिकणारा माणूस आपोआप ऐकणारा होतो. तुमच्याकडे क्लास नसला तरी गावात गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसणारी मुलं भरपूर असतात आणि त्यातल्या कित्येकांनी समोर बसून पूर्ण ख्याल ऐकलेला नसतो. गायन-तबल्याच्या प्रत्येक शिक्षकाला भेटा, त्यांच्या मुलांना मोफत प्रवेश द्या, मुलांबरोबर आईबाप येतात, आणि आईबाप वर्गणी भरतात.

निवेदन पाच मिनिटांच्या आत. कलाकाराची पुरस्कारांची यादी वाचू नका. त्याऐवजी कलाकारालाच विचारा की आज जो राग गाणार त्यात काय ऐकायचं, दोन मिनिटं बोलतो का. बरेच जण आनंदानं आरोह-अवरोह, एखादी खास सुरावट गाऊन दाखवतात आणि नवखा श्रोता पुढचा तास ती सुरावट शोधत बसतो. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे यांना फाटा द्या. वेळेवर सुरू करा, अगदी दहाच माणसं असली तरी, दोन-तीन महिन्यांत लोक वेळेवर यायला लागतात.

पायरी ९: कामाची माणसं

एकाच उत्साही माणसाच्या खांद्यावर सगळं असेल तर त्याला डेंग्यू झाला की मालिका आजारी. कामं पाच: कलाकार-संपर्क, जागा-साउंड, पैसे, सभासद-फोन, दार-आणि-चहा. प्रत्येक कामाला दोन माणसं, एक करणारा आणि एक शिकणारा, आणि दोन वर्षांनी बदल. कलाकार निवडायचं काम मात्र दर वर्षी वेगळ्या तिघांकडे द्या, नाहीतर एकाच घराण्याची, एकाच ओळखीची माणसं येत राहतात आणि गावातले उरलेले गायक-वादक रुसून बसतात. समितीतल्या कुणाच्या मुलीला-पुतण्याला मंच द्यायचा असेल तर तो शिकणाऱ्यांच्या बैठकीत, इतरांबरोबर, त्याच नियमानं.

हिशोब दर तीन महिन्यांनी सभासदांना पाठवा. एका पानावर, जमा किती खर्च किती. यानं देणग्या वाढतात, कारण तबलजीला किती मिळतात आणि हॉलला किती जातात हे लोकांना पहिल्यांदाच कळतं.

पायरी १०: गंगाजळी आणि वाईट वर्ष

पहिल्या दिवसापासून वर्गणीतला दहावा हिस्सा (पायरी ३ च्या उदाहरणात तो धरलेला नाही, तुमच्या हिशोबात धरा) वेगळ्या मुदत ठेवीत टाका, आणि तीन बैठकांच्या खर्चाएवढी रक्कम साठेपर्यंत त्याला हात लावू नका. कलाकार आयत्या वेळी आजारी पडला तर काय, हेही आधी ठरवा: गावातल्याच दोन चांगल्या कलाकारांना विचारून ठेवायचं की असा फोन आला तर येणार का, आणि अशा वेळी त्यांना ठरलेलं पूर्ण मानधन द्यायचं, बदली म्हणून कमी नाही. बैठक रद्द करणं शेवटचा उपाय, कारण एकदा रद्द झाली की पुढच्या महिन्यात लोक आधी फोन करून विचारतात "आहे ना नक्की?" आणि ती सवय जायला वर्ष लागतं.

सभासद घटले तर क्रम असा ठेवा: आधी बैठकांची संख्या कमी करा, मग हॉल लहान करा, मग माईकशिवाय एखाद्याच्या मोठ्या दिवाणखान्यात करा. मानधनाला सगळ्यात शेवटी हात लावा, आणि तोही कलाकाराला आधी सांगून. वर्गणी वाढवायची असेल तर दर वर्षी थोडी वाढवा, पाच वर्षं तीच ठेवून एकदम दुप्पट केलीत की लोक गळतात. वाढीचं पत्र एप्रिलच्या आधी जाऊ द्या, सोबत गेल्या वर्षाचा हिशोब आणि पुढच्या वर्षाच्या सगळ्या तारखा, कलाकार ठरलेले नसले तरी.